पिरॅमिडांची घनफळे: हिशेब, उलटतपासणी आणि १:१००० पुठ्ठा मॉडेल – प्रकल्प नोंदी

२ जून

काम असे: इजिप्तमधल्या सहा पिरॅमिडांची मूळ घनफळे, म्हणजे बांधून पूर्ण झाले तेव्हाची, एकाच पद्धतीने काढायची. मग ती नेहमीच्या तक्त्यांतल्या आकड्यांशी ताडून पाहायची आणि शेवटी पुठ्ठ्याच्या मॉडेलात धान्य भरून मोजायची. यादी: सक्काऱ्याचा जोसेर, दहशूरचे वाकडा आणि लाल, गीझाचे खुफू, खाफ्रे, मेनकौरे.

मॉडेलचे प्रमाण १:१००० ठेवले, कारण मग रूपांतराची कटकट उरत नाही. खऱ्या पिरॅमिडाचा १ घनमीटर म्हणजे मॉडेलचा १ घनमिलिमीटर, आणि १००० घनमीटर म्हणजे १ मिलीलिटर. २२ लाख १६ हजार घनमीटर असेल तर मॉडेलात २२१६ मिली मावले पाहिजे.

एककांची एक सूचना आधीच लिहून ठेवली. इंग्रजी तक्त्यातले २.६ मिलियन म्हणजे २६ लाख, २.६ दशलक्ष. घाईत हे ‘२६ दशलक्ष’ होते आणि पुढची सगळी गुणोत्तरे दहापट चुकतात.

४ जून

मापे भरली. खुफूच्या तळासाठी १९२५ सालच्या कोल यांच्या सर्वेक्षणातल्या बाजू घेतल्या: उत्तर २३०.२५३ मीटर, दक्षिण २३०.४५४, पूर्व २३०.३९१, पश्चिम २३०.३५७. सरासरी २३०.३६. सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड बाजूत फक्त २० सेंटिमीटरचा फरक. आज चुन्यात आखणी केलेल्या प्लॉटमध्येही याहून जास्त फरक सापडतो.

उंचीचे तसे नाही. माथाच शिल्लक नाही, त्यामुळे १४६.६ मीटर हा मोजलेला आकडा नाही, उतारावरून काढलेला आहे. तो तपासायचा सोपा मार्ग इजिप्तच्या ‘हात’ या जुन्या मापात आहे. एक राजहात सुमारे ५२.३६ सेंटिमीटर, त्याचे ७ तळवे, एका तळव्याची ४ अंगुळे. खुफूचा तळ ४४० हात, उंची २८० हात. तिथले कारागीर उतार अंशांत मोजत नसत. एक हात वर चढताना बाजू किती तळवे आत सरकते, ते मोजत. या मापाला शेकेद म्हणतात. खुफूचा शेकेद २२० ÷ २८० × ७ = साडेपाच तळवे. खाफ्रेचा तळ ४११ हात, उंची २७४, म्हणून २०५.५ ÷ २७४ × ७ = सव्वापाच. सव्वापाच म्हणजे बरोबर ३-४-५ चा काटकोन त्रिकोण. अशी स्वच्छ संख्या आली की तळ आणि उंचीची जोडी बरोबर असल्याचा भरवसा वाटतो.

बाकीची मापे: खाफ्रे २१५.२५ मीटर तळ, १४३.५ उंची. मेनकौरेचा तळ चौरस नाही, १०२.२ × १०४.६, उंची ६५. लाल पिरॅमिड २२० आणि १०५. वाकड्याचा तळ १८९.४३, एकूण उंची १०४.७१; ४७.०४ मीटरवर उतार बदलतो आणि तिथे बाजू १२३.५८ उरते. जोसेर १२१ × १०९, उंची ६०, सहा पायऱ्या.

५ जून

एक्सेल शीटमध्ये प्रत्येक आकारासाठी वेगळे सूत्र ठेवले की चुकीच्या ओळीत चुकीचे सूत्र चिकटवले जाते, हे ठरलेलेच. म्हणून सर्वांना चालेल असे एकच सूत्र ठेवले, आणि ते भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) खातव्यवहारात, म्हणजे खड्ड्यांच्या हिशेबाच्या प्रकरणात, तयार मिळते. खड्ड्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ, तळाचे क्षेत्रफळ, आणि तोंड व तळ यांच्या बाजूंच्या बेरजांपासून आलेले क्षेत्रफळ. तिघांची बेरीज करा, सहाने भागा, खोलीने गुणा.

शीटच्या भाषेत, तळ क × ख, माथा ग × घ, उंची उ:

घनफळ = उ ÷ ६ × [क×ख + ग×घ + (क+ग)×(ख+घ)]

माथा टोकदार असेल तर ग आणि घ शून्य लिहायचे. कंसात क×ख दोनदा येते आणि उत्तर आपोआप क×ख×उ ÷ ३ होते. तळ आयताकृती असला तरी चालते, त्यामुळे मेनकौरेसाठी काही वेगळे करावे लागत नाही.

सूत्र बरोबर टाइप झाले का, ते पाहायला दोन कायमच्या ओळी शीटच्या डोक्यावर ठेवल्या. पहिली लीलावतीतल्या विहिरीची: तोंड १२ × १०, तळ ६ × ५, खोली ७ हात. १२० + ३० + २७० = ४२०, सहाने भागून ७०, साताने गुणून ४९०. दुसरी मॉस्को पपायरस या प्राचीन इजिप्शियन गणिताच्या गुंडाळीतल्या चौदाव्या उदाहरणाची: तळ ४, माथा २, उंची ६, उत्तर ५६. या दोन्ही ओळी बरोबर आल्याशिवाय खाली पाहायचे नाही.

‘एक तृतीयांश’ कुठून आले, हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. घनाच्या एका कोपऱ्यातून समोरच्या तीन बाजूंकडे पाहिले तर तीन तिरके, एकसारखे पिरॅमिड दिसतात आणि ते मिळून पूर्ण घन होतो. हे तिन्ही पुठ्ठ्यात कापून दाखवले की वाद संपतो. त्रिकोणातला ‘अर्धा’ सवयीने घनाकृतीत नेण्याची चूक मात्र जुनी आहे. आर्यभटांनी (४९९) सहा कडांच्या सूचीला (टोकदार घनाकृतीला) तळ गुणिले उंचीचा अर्धा दिला, तो चूक होता. ब्रह्मगुप्तांनी (६२८) सूचीला तिसरा भाग दिला, तो बरोबर.

९ जून

पहिला हिशेब, घनमीटरमध्ये: खुफू २५,९३,१४५. खाफ्रे २२,१६,२४१. लाल १६,९४,०००. वाकडा १४,६२,७६६. मेनकौरे २,३१,६१९. जोसेर अजून रिकामा, पायऱ्यांचे काय करायचे ते ठरलेले नाही.

शेवटचे अंक फक्त शीट जुळवण्यापुरते. खुफूच्या तळात १ सेंटिमीटरची चूक म्हणजे सुमारे २२५ घनमीटर, उंचीत १० सेंटिमीटरची चूक म्हणजे १,७६९, आणि उताराच्या कोनात एका मिनिटाची चूक म्हणजे उंचीत जवळपास ९ सेंटिमीटर, घनफळात १,५५० च्या आसपास. म्हणून बाहेर द्यायचे आकडे लाखांत एका दशांश स्थळापर्यंत: २५.९, २२.२, १६.९, १४.६. सात अंकी घनफळ पाहून कुणी भारावला तर त्याला लाल पिरॅमिड दाखवावा. त्याची उंची तक्त्यातली १०५ धरली तर १६,९४,०००. ४३ अंश २२ मिनिटांच्या कोनावरून काढली तर १०३.९ येते आणि घनफळ १६,७६,२५३. साडेसतरा हजारांहून जास्त घनमीटरचा फरक केवळ ‘उंची कुठून घेतली’ यावर.

एक ओळ मुद्दाम चुकवून पाहिली: उभ्या उंचीऐवजी तिरकस उंची. खुफूची तिरकस उंची १८६.४३ येते, ती घातली की घनफळ थेट २७ टक्के फुगते. फोटोवरून किंवा बाजूच्या कडेवरून माप घेणाऱ्यांचे उत्तर नेमके याच दिशेने चुकते. शीटमध्ये उंचीच्या रकान्याचे नाव बदलून ‘उभी उंची’ केले.

गंमत म्हणून खुफूचे घनफळ ब्रासमध्ये काढले: १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. सुमारे ९ लाख १६ हजार ब्रास.

११ जून

आता ताडून पाहणे. तक्त्यांतले प्रचलित आकडे: खुफू २५,८३,२८३, खाफ्रे २२,११,०९६, लाल १६,९४,०००, वाकडा १२,३७,०४०, मेनकौरे २,३५,१८३, जोसेर ३,३०,४००.

पहिले तीन आमच्याशी अर्ध्या टक्क्याच्या आत जुळतात. वाकडा मात्र सव्वादोन लाखांनी कमी, म्हणजे मोठी गोष्ट. चूक आमची की त्यांची? उत्तर उलट्या गणितात मिळते. दिलेल्या घनफळाला ३ ने गुणा, त्या इमारतीच्या नेहमी सांगितल्या जाणाऱ्या उंचीने भागा, मग वर्गमूळ काढा. मूळ पूर्णांक आले तर समजायचे की तक्ता करणाऱ्याने नेमकी हीच मापे घेतली होती.

खुफू: ७७,४९,८४९ ÷ १४६.५ = ५२,९००. वर्गमूळ २३०. म्हणजे तळ २३० केलेला, ३६ सेंटिमीटर खाल्लेले. खाफ्रे: २१५ आणि १४३.५. मेनकौरेत तळ तोच १०२.२ × १०४.६, पण उंची ६६ निघते. आपण ६५ धरली.

मग वाकडा: १२,३७,०४० × ३ = ३७,११,१२०. भागिले १०५ = ३५,३४४. वर्गमूळ १८८. तंतोतंत, एक दशांशही इकडे-तिकडे नाही.

हा आकडा १८८ मीटर तळ आणि १०५ मीटर उंचीच्या सरळ पिरॅमिडाचा आहे. ज्या बाकामुळे त्याला वाकडा म्हणतात, तो बाकच हिशेबात नाही.

१२ जून

वाकड्याचा हिशेब पुन्हा, हाताने. खालचा तुकडा: १८९.४३ चा वर्ग ३५,८८३.७, १२३.५८ चा वर्ग १५,२७२.०, दोन्ही बाजूंचा गुणाकार २३,४०९.८. बेरीज ७४,५६५.५, गुणिले ४७.०४ ÷ ३ = ११,६९,१८७. वरचा टोकदार भाग: १५,२७२ × ५७.६७ ÷ ३ = २,९३,५७९. एकूण १४,६२,७६६. ठीक.

तक्त्याचीच १८८ आणि १०५ ही मापे घेऊन, फक्त ४७ मीटरपर्यंत ५४ अंश २७ मिनिटांचा उतार ठेवून पाहिले, तरी सुमारे १४.२ लाख येतात. म्हणजे फरक मापांच्या गोळाबेरजेचा नाही, आकाराचा आहे. तळाच्या कडेपासून शिखरापर्यंत सरळ दोरी ताणली तर वाकड्याचे पोट त्या दोरीच्या बाहेर येते. सरळ सूत्र ते पोट कापून टाकते.

कापलेल्या तुकड्यासाठी लोक दोन आडवाटा वापरतात, म्हणून त्याही तपासल्या. दोन्ही क्षेत्रफळांची सरासरी गुणिले उंची: १२,०३,१८३, जवळपास तीन टक्के जास्त. बाजूंची सरासरी घेऊन तिचा वर्ग गुणिले उंची: ११,५२,१८९, दीड टक्का कमी. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये असते आणि दुसऱ्याच्या जास्त जवळ: पहिल्याचा एक भाग, दुसऱ्याचे दोन भाग, भागिले तीन. बेरीज करून पाहिली, ११,६९,१८७. खडीच्या ढिगाला सरासरी क्षेत्रफळ लावणारा मोजणीदार नेहमी ढीग जास्तच दाखवतो, तो याच कारणाने.

या दुरुस्तीचा परिणाम काय? वाकडा आणि लाल हे दोन्ही स्नेफ्रूचे, खुफूच्या बापाचे. दोघांची बेरीज ३१.६ लाख, एकट्या खुफूच्या पिरॅमिडापेक्षा २२ टक्के जास्त. जुन्या आकड्याने ती आघाडी १३ टक्केच दिसायची.

१६ जून

जोसेर. ३,३०,४०० × ३ ÷ ६० = १६,५२०. तळ आयताकृती, त्यामुळे वर्गमूळ उपयोगाचे नाही, अवयव पाडले. १६,५२० = २ × २ × २ × ५ × ७ × ५९. ५९ हा अवयव एका बाजूला गेलाच पाहिजे, त्यामुळे पिरॅमिडाला शोभेल अशी जोडी एकच उरते: ११८ × १४०. म्हणजे इथेही गुळगुळीत टोकदार पिरॅमिडाचे सूत्र, तेही पायऱ्यांच्या इमारतीला, आणि तळ १२१ × १०९ पेक्षा बराच मोठा.

आमचे मॉडेल: सहा सारख्या उंचीच्या पायऱ्या, बाजू ६, ५, ४, ३, २, १ या प्रमाणात. ठोकळ्यांची बेरीज = तळ × उंची × (३६+२५+१६+९+४+१) ÷ २१६, म्हणजे × ९१ ÷ २१६. टोकदार पिरॅमिडाच्या तुलनेत २६ टक्के जास्त. १२१ × १०९ × ६० = ७,९१,३४०, त्यावरून ३,३३,३८९.

हे पाहून थोडे थबकायला झाले, कारण ३,३०,४०० पासून हे एका टक्क्याच्या आत आहे. तळ मोठा धरल्याने फुगलेले आणि पायऱ्या विसरल्याने घटलेले, दोन्ही एकमेकांत जिरले. उत्तर जुळले म्हणून रीत बरोबर ठरत नाही, हे दाखवायला याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

शिवाय पायऱ्यांच्या भिंती उभ्या नाहीत, आत कललेल्या आहेत. कल ७३ अंश धरला तर १० मीटरच्या प्रत्येक पायरीला चारही बाजूंनी ३.०६ मीटर आत जाते आणि बेरीज ३,०९,५०० वर उतरते. शीटमध्ये ३.१ लाख भरले, शेजारी ‘पायऱ्या समान धरून’ असा शेरा.

१९ जून

मॉडेल. पुठ्ठा १.२ मिमी, कटर, स्टीलची पट्टी, फेव्हिकॉल, मास्किंग टेप.

खुफू: चार त्रिकोण, पाया २३०.४ मिमी, उंची १८६.४ मिमी. इथे तिरकस उंचीच लागते. घनफळात चालत नाही म्हणून ती कापताना टाळली, तर त्रिकोण बुटके होऊन टोके मिटतच नाहीत. वाकडा: खाली चार समलंब चौकोन (१८९.४ आणि १२३.६, उंची ५७.४), वर चार त्रिकोण (पाया १२३.६, उंची ८४.५).

आखणी पुठ्ठ्याच्या आतल्या तोंडावर करायची आणि घडीची अर्धी काप बाहेरून मारायची. बाहेरचे माप धरून कापले तर पुठ्ठ्याची जाडी आतली जागा खाते: खुफूच्या चार बाजू मिळून ८५९ चौरस सेंटिमीटर, गुणिले ०.१२, म्हणजे जवळपास १०३ मिली, चार टक्के. सांध्यांना बाहेरून टेप. आतून गोंद ओघळू द्यायचा नाही, तो टोकात जाऊन बसतो.

पावसाळी हवेत गोंद वाळायला रात्र पुरत नाही. दोन दिवस ठेवले.

२३ जून

भरणे. रवा आधी बाद: दाबला की बसतो, टोकात पूल बांधतो, प्रत्येक वेळी वेगळे वजन. तांदूळ लांबट, कोपऱ्यात पोकळी सोडतो. मोहरी गोल आणि घसरती, तीच घेतली. मॉडेल उलटे धरून नरसाळ्यासारखे भरायचे, पट्टीने तोंड सपाट करायचे, मोहरी काट्यावर ओतून वजन घ्यायचे. १ लिटर मापात मोहरी ६८४ ग्रॅम, तीनदा भरून. मॉडेल आपटायचे नाही. मापाचे भांडे आपटले नसेल तर मॉडेलही नाही.

खुफू पहिल्याच भरण्यात १८३२ ग्रॅम, म्हणजे २६७८ मिली, सव्वातीन टक्के जास्त. कारण समोरच दिसत होते: पावणेदोन किलो मोहरीने चारही भिंतींना पोट आले होते. सरासरी १ मिमी फुगवटा म्हणजेच ८६ मिली. प्रत्येक बाजूला बाहेरून तीन उभ्या पट्ट्या चिकटवल्या, मॉडेल खोक्यात वाळूत रोवले, तेव्हा १७८९ ग्रॅम, २६१६ मिली. एक टक्क्याच्या आत आले, पुरे.

खाफ्रे १५२७ ग्रॅम, २२३२ मिली. मेनकौरे १५७ ग्रॅम, सुमारे २३० मिली. हा उलट किंचित कमी, कारण लहान टोकात गोंद आणि दाण्यांची जाडी दोन्ही अडतात.

वाकडा: १०१० ग्रॅम, १४७७ मिली. १२३७ मिली मोहरी मोजून ओतली तेव्हा उलट्या मॉडेलात वरती सात मिलिमीटरच्या आसपास पट्टा रिकामा राहिला. ही तुलना प्रदर्शनात पहिल्या टेबलावर ठेवायची.

२६ जून

तुलनेच्या फलकासाठी हिशेब. खुफू आणि मेनकौरे: उंचीचे गुणोत्तर सव्वादोनपट, घनफळाचे ११.२ पट. डोळा उंची पाहतो, म्हणून लोक ‘तीन-चारपट असेल’ म्हणतात. खुफू आणि खाफ्रे: घनफळात १७ टक्के फरक, पण खाफ्रे सुमारे १० मीटर उंच खडकावर उभा असल्याने तोच मोठा वाटतो.

खुफूची आजची उंची १३८.५ मीटर. गेलेल्या ८.१ मीटर टोकाचे घनफळ फक्त ४३७ घनमीटर, राजाच्या दालनापेक्षा (सुमारे ३१८) थोडेच जास्त. उलट बाहेरच्या आवरणाचा प्रत्येक १ मीटर जाडीचा थर सुमारे ८५,९०० घनमीटर. पिरॅमिड झिजला तो टोकाने नाही, अंगाने. वजनही तसेच खाली असते: उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागातच ७० टक्के दगड.

फलकावर ‘दगड’ हा शब्द मात्र खोडला आणि ‘घनफळ’ लिहिले. खुफूच्या पोटात न काढलेला मूळ खडक आहे. तो कुणी वाहून आणलेला नाही.

३० जून

मेक्सिकोतल्या चोलुलाची मागणी आली, ‘जगातला सर्वांत मोठा’ म्हणून. दोन आकडे फिरतात. ४४.५ लाख: ४५० × ४५० × ६६ ÷ ३ = ४४,५५,०००. ३३ लाख: १८.२ हेक्टर × ५४ ÷ ३ = ३२,७६,०००. दोन्ही टोकदार सूत्राने आलेले, आणि या पिरॅमिडाच्या सपाट माथ्यावर चर्च उभे आहे. माथा १०० मीटर बाजूचा धरून पाहिला तर पहिल्या मापांवरून ५६,६५,००० येतात. १०० हा आकडा आमच्या मनाचा, म्हणून ही ओळ शीटमध्ये राखाडी रंगात ठेवली. खुफूपेक्षा मोठा, इतके दोन्ही आकड्यांवरून म्हणता येते; किती मोठा, ते माथ्याचे माप मिळेपर्यंत रिकामे.

१ जुलै

शीट गोठवले. रकाने: तळाच्या दोन बाजू, माथ्याच्या दोन बाजू, उभी उंची, उंची मोजलेली की काढलेली, आकार (सरळ, वाकडा, पायऱ्यांचा), घनफळ लाखांत, मॉडेल मिलीमध्ये. ‘आकार’ हा रकाना रिकामा असेल तर घनफळाच्या जागी काहीच दिसू नये, अशी अट सूत्रात घातली. जोसेरच्या मॉडेलचा पुठ्ठा दमट आहे. तो वाळला की कापायचा, प्रत्येक पायरी वेगळी, वरून भरता येईल अशी.